व्हॉल्व उघडा आहे का? दसऱ्याआधी बघून घ्या

दिवाळीचा माल उतरायला लागला आहे. भिवंडीची गोदामं, पुण्याचा लक्ष्मी रस्ता, नागपूरची इतवारी, मुंबई-ठाण्यातले मॉल, औद्योगिक वसाहतींमधले गाळे, सगळीकडे येत्या काही आठवड्यांत एरवी वर्षभर नसतो इतका पुठ्ठा, कापड, प्लास्टिक आणि थर्माकोल साठेल. त्याच जागांत माणसांचीही वर्षातली सर्वांत मोठी गर्दी होईल. जुन्या बाजारपेठांतल्या कित्येक इमारतींत स्प्रिंकलर नाहीतच. त्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. माझं आजचं आवाहन ज्यांच्या छताला स्प्रिंकलर लागलेले आहेत त्यांना आहे. मॉलचे व्यवस्थापक, व्यापारी संकुलांच्या सोसायट्यांचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी, गाळेधारक, हॉटेलमालक, रुग्णालयं आणि क्लास चालवणारे, आणि पंप रूमची किल्ली ज्यांच्याकडे असते ते वॉचमन आणि पंप ऑपरेटर, तुम्हा सर्वांना.

दसऱ्याच्या आत आपल्या इमारतीतल्या स्प्रिंकलरच्या लाइनमधून पाणी वाहताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फाइल बघून समाधान मानू नका, गेजचा काटा बघून परत फिरू नका. वरच्या मजल्यावर, पंपापासून सर्वांत लांबच्या टोकाला एक टेस्ट व्हॉल्व असतो. तो उघडायला लावा. पाणी आलं पाहिजे, गजर वाजला पाहिजे, खाली पंप कुणी हात न लावता सुरू झाला पाहिजे. यातलं काहीही झालं नाही, तर तुमच्या छताला आज नुसते पाइप टांगलेले आहेत आणि त्यांच्याखाली माणसं वावरताहेत.

मी अग्निसुरक्षेच्या कामात आहे. इमारतींतले पंप, व्हॉल्व आणि पाइप तपासणं हे माझं रोजचं काम. लोकांना वाटतं की स्प्रिंकलर निकामी होतो तो गंजून, जुना होऊन किंवा हलका माल वापरल्यामुळे. तसंही होतं. पण मला वारंवार दिसतं ते वेगळंच. पाइप ठीक, हेड ठीक, पंप नावाजलेल्या कंपनीचा, आणि मधला एक व्हॉल्व बंद. अमेरिकेतली एनएफपीए ही संस्था तिथल्या आगींच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासत आली आहे. आग पुरेशी मोठी असूनही स्प्रिंकलर चालले नाहीत अशा घटनांपैकी निम्म्याहून अधिक घटनांत कारण एकच निघतं: यंत्रणा आधीच कुणीतरी बंद करून ठेवली होती. तिथे ही गत आहे. आपल्याकडे अशा नोंदी त्या बारकाईने ठेवल्या जात नाहीत, पण पंप रूममध्ये उतरणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

व्हॉल्व बंद कसा होतो, हे नीट समजून घ्या, कारण त्यामागे कुणाचीही दुष्ट बुद्धी नसते. तिसऱ्या मजल्यावरचा गाळा नव्या भाडेकरूने घेतला. त्याला फॉल्स सीलिंग करायचं आहे, हेडची जागा दोन फुटांनी सरकवायची आहे. फिटर येतो, मजल्याचा व्हॉल्व बंद करतो, लाइन रिकामी करतो, काम करतो. संध्याकाळी निघताना म्हणतो, उद्या येऊन चार्ज करतो. दुसऱ्या दिवशी पीओपीवाला आत असतो, तिसऱ्या दिवशी रंगारी. तोवर फिटर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. मग दुकानाचं उद्घाटन होतं, माल लागतो, आणि आता लाइनमध्ये पाणी सोडायची कुणाची हिंमत होत नाही. एखादा जोड सुटला आणि लाखोंच्या मालावर पाणी पडलं तर? वॉचमन मला सांगतो, “साहेब, लीक होत होतं म्हणून बंद ठेवलंय.” कधीपासून, हे त्याला ठाऊक नसतं. तो नोकरीला लागला तेव्हापासून ते बंदच आहे.

हा व्हॉल्व ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. मजल्यावरच्या उभ्या पाइपाजवळच्या डक्टचं दार उघडा. बटरफ्लाय व्हॉल्वला दांडा असेल, तर तो पाइपाच्या रेषेत असला म्हणजे व्हॉल्व उघडा, आडवा असला म्हणजे बंद. चाक असेल तर वर खुणेचा बाण असतो. मोठ्या गेट व्हॉल्वचा आटे पाडलेला दांडा चाकाच्या वर आलेला दिसला तर तो उघडा आहे. प्रत्येक मजल्याचा व्हॉल्व असा बघत जा. जिथे उघडा सापडेल तिथे त्याला साखळी घालून कुलूप लावा, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा आणि पाटी लावा. अख्ख्या संकुलाच्या सुरक्षेसाठी यापेक्षा स्वस्त काम मला माहीत नाही.

आता गेजविषयी, कारण इथे जाणकारही फसतात. काटा सात किलोवर उभा आहे, म्हणजे लाइन जिवंत आहे असं समजलं जातं. पण स्प्रिंकलरच्या मुख्य पाइपावर जो अलार्म व्हॉल्व असतो, तो पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो. वर गेलेलं पाणी परत खाली येत नाही. त्यामुळे खालचा व्हॉल्व नंतर कुणी बंद केला तरी वर अडकलेल्या पाण्याचा दाब तसाच राहतो, आणि काटा महिनोन्महिने सात दाखवत राहू शकतो. आग लागून एक हेड फुटलं की ते अडकलेलं पाणी काही क्षणांत ओसरतं आणि मागून काहीच येत नाही. म्हणूनच मी पाणी वाहताना बघा असं आग्रहाने सांगतो आहे. पाणी वाहत असतानाचा दाब आणि ते थांबल्यानंतरचा दाब, दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी वाहत्या पाण्याचा दाब बराच खाली आला, तर वाटेत कुठला तरी व्हॉल्व अर्धवट बंद आहे किंवा पाइपात गाळ-गंज बसला आहे. हे निदान करायला कसलंही यंत्र लागत नाही, फक्त मागचा आकडा लिहिलेला लागतो.

पंप रूममध्ये साधारण तीन पंप असतात. छोटा जॉकी, मोठा विजेवरचा आणि वीज गेली तर डिझेलवरचा. लाइनमधला दाब थोडा उतरला की जॉकी तो भरून काढतो. हेड फुटून दाब भराभर उतरला की मोठा पंप धावतो. तो चालला नाही की डिझेलचा. हे सगळं आपोआप व्हावं म्हणून पॅनलवर एक स्विच असतो, ऑटो आणि मॅन्युअल असा. तो मॅन्युअलवर असेल तर वर कितीही हेड फुटोत, पंप ढिम्म हलणार नाही. आणि तो मॅन्युअलवर का जातो? लाइनला कुठे तरी गळती असते, जॉकी दर पाच मिनिटांनी सुरू होतो, आवाज होतो, बिल वाढतं, तक्रारी येतात. गळती शोधणं कष्टाचं, स्विच फिरवणं सोपं. जॉकी सारखा चालू-बंद होत असेल तर ती यंत्रणेने दिलेली हाक आहे. गळती शोधा, दुरुस्त करा आणि स्विच ऑटोवर राहू द्या. दर चाचणीनंतरही तो परत ऑटोवर आला का, हे दुसऱ्या माणसाने तपासावं, कारण चाचणीसाठी मॅन्युअलवर नेलेला स्विच तसाच राहून गेल्याची उदाहरणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

विजेच्या पंपाबद्दल आणखी एक तातडीची गोष्ट. आग लागली की आपण पहिलं काय करतो? मेन स्विच बंद करतो, आणि ते बरोबरच आहे. पण फायर पंपाची वीज त्याच मेन स्विचमधून येत असेल, तर त्या क्षणी पंपही बंद पडतो. पंपाची जोडणी मेनच्या आधी, स्वतंत्र असायला हवी. आपल्या इलेक्ट्रिशियनला आजच विचारा की इमारतीचा मेन पाडला तर फायर पंप चालू राहतो का. त्याने “बहुतेक” असं उत्तर दिलं, तर रविवारी दुकानं बंद असताना मेन पाडून बघा.

डिझेल पंपाचं इंजिन बहुतेक वेळा बॅटरीपायी दगा देतं. बॅटरी मेलेली, टर्मिनलवर पांढरा थर, टाकीत डिझेल तळाला. हे इंजिन दर आठवड्याला अर्धा तास चालवावं असा दंडक आहे, आणि विजेचा पंप निदान दहा मिनिटं. पावसाळा नुकताच सरतो आहे. तळघरातल्या पंप रूममध्ये पाणी शिरलं असेल, मोटारीला ओल धरली असेल, पॅनलच्या आत गंज चढला असेल. म्हणून ही तपासणी आत्ताच व्हायला हवी, जानेवारीपर्यंत थांबता येणार नाही.

आणि टाकी. झाकण उघडून आत बघा. उन्हाळ्यात पाणीटंचाई आली की फायरच्या टाकीतून शौचालयांना, बागेला, कधी हॉटेलच्या स्वयंपाकघराला पाणी वळवलं जातं. मी कुणाला दोष देत नाही. नळाला पाणी नसताना समोर भरलेली टाकी दिसली की मोह होतोच. पण एकदा जोडलेला तो पाइप पाऊस पडल्यावर कुणी काढत नाही. आगीसाठीचा साठा कायम शिल्लक राहील अशाच उंचीवरून बाकीचे नळ निघायला हवेत. ते खालून निघालेले दिसले तर प्लंबरला बोलवा.

एवढं बजावून का सांगतो, ते ऐका. 22 ऑक्टोबर 2020 च्या रात्री मुंबईत नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. मोबाइल आणि त्याच्या सुट्या भागांच्या दुकानांनी भरलेला तो मॉल दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत होता. शेजारच्या उंच इमारतीतून सुमारे साडेतीन हजार रहिवाशांना रात्रीच बाहेर काढावं लागलं. त्यानंतर मुंबईतल्या मॉलची तपासणी झाली, अनेकांना नोटिसा गेल्या. पाच महिने उलटले आणि 25 मार्च 2021 च्या मध्यरात्रीच्या सुमारास भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये आग लागली. त्या मॉलच्या वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय चालू होतं. खालच्या गाळ्यांतल्या आगीचा धूर वर चढला आणि अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजनवर असलेले रुग्ण त्यात सापडले. दहाहून अधिक जीव गेले. खाली दुकान आणि वर रुग्णालय, खाली बँक्वेट हॉल आणि वर कोचिंग क्लास, अशा इमारती आज राज्याच्या प्रत्येक शहरात आहेत. त्या इमारतींमधल्या दुकानदारांना मला सांगायचं आहे की तुमच्या गाळ्याचा व्हॉल्व ही तुमच्या एकट्याची बाब राहत नाही. तुमच्या छतावर कुणाचं तरी मूल गणिताचा पेपर सोडवत बसलेलं असतं.

स्प्रिंकलरला लोक घाबरतात ते पाण्यामुळे. सिनेमात दाखवतात तसं एक बटण दाबलं आणि सगळ्या मजल्यावर धो-धो पाऊस, असं चित्र मनात असतं. नेहमीच्या स्प्रिंकलरमध्ये असं होत नाही. प्रत्येक हेडच्या तोंडाशी काचेचा छोटा बल्ब असतो, त्यात रंगीत द्रव असतो. उष्णतेने द्रव फुगतो आणि बल्ब फुटतो. लाल बल्ब 68 अंश सेल्सियसला फुटतो, नारिंगी 57 ला, पिवळा 79 ला, हिरवा 93 ला, निळा 141 ला. ज्या हेडखाली आग आहे तेच उघडतं; शेजारच्या गाळ्यातलं हेड तिथे तेवढी उष्णता पोचेपर्यंत मिटलेलंच राहतं. बहुतेक आगी एका-दोन हेडवरच आटोक्यात येतात. अशा एका हेडमधून मिनिटाला साठ-सत्तर-ऐंशी लिटर पाणी पडतं. अग्निशमन दलाच्या एका होजमधून पडणारं पाणी याच्या कित्येक पट असतं, आणि दल येईपर्यंत आग काही पटींनी वाढलेली असते. मालाला पाणी लागेल या भीतीने व्हॉल्व बंद ठेवणाऱ्यांनी हा हिशोब मांडून बघावा. बंद व्हॉल्वमुळे माल कोरडा राहत नाही. तो आधी जळतो आणि मग भिजतो.

रंगांवरून आठवलं. हॉटेलच्या भट्टीजवळ हिरव्या बल्बचं हेड असतं ते मुद्दाम. ते फुटलं म्हणून कुणी हाताला लागलेलं लाल हेड तिथे बसवतं, भट्टीच्या रोजच्या उष्णतेने ते विनाकारण फुटतं, स्वयंपाकघर भिजतं, आणि मग चिडून अख्खी लाइन बंद केली जाते. म्हणून पंप रूममध्ये प्रत्येक रंगाची थोडी राखीव हेड आणि ती बसवायचा खास पाना एका पेटीत ठेवा. फुटलेल्या हेडच्या जागी अगदी त्याच तापमानाचं, त्याच जातीचं हेड आलं पाहिजे.

आता दुकानात शिरा आणि मान वर करा. हेडला रंग लागला आहे का? रंगाऱ्याने ब्रश फिरवताना बल्बावर आणि टोपीवर रंग चढवला असेल, तर ते हेड उशिरा फुटेल किंवा फुटणारच नाही. खरवडून चालत नाही, ते बदलावंच लागतं. रंगकामाच्या वेळी गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी तशीच राहिली आहे का? छताच्या रंगात लपवलेली चकती असेल, तर तिच्या कडा रंगाने चिकटल्या आहेत का? ती चकती उष्णतेने गळून पडायची असते. नवं पार्टिशन घातल्यावर पलीकडच्या भागात एकही हेड उरलं नाही, असं झालं आहे का? एखाद्या हेडच्या तोंडाशी एसीचा डक्ट किंवा जाहिरातीचा फलक आला आहे का? पोटमाळा काढला असेल तर त्याच्याखाली वेगळी हेड हवीत, वरच्यांचं पाणी तिथे पोचणार नाही.

आणि माल. हेडच्या खाली निदान अर्धा मीटर जागा मोकळी लागते, तेव्हाच पाणी छत्रीसारखं पसरतं. दिवाळीच्या तोंडावर ही अर्ध्या मीटरची जागा पहिल्यांदा भरली जाते, हे मला ठाऊक आहे. भाडं चढं, गोदाम लहान, माल जास्त. तरीही हात जोडून सांगतो, रॅकवरचा शेवटचा थर उतरवा. भिंतीवर लाल रंगाची रेघ मारा आणि कामगारांना सांगा की पुठ्ठ्याचं खोकं या रेघेवर जाणार नाही. आकाशकंदील, तोरणं, दिव्यांच्या माळा आणि सेलचे बॅनर स्प्रिंकलरच्या पाइपाला बांधू नका. हेडला तर कधीच नाही. ओढ बसून ते तुटू शकतं आणि लटकलेल्या वस्तूमुळे पाण्याची दिशाही बिघडते.

व्हॉल्वचं महत्त्व दाखवणारं एक जुनं उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 23 फेब्रुवारी 1991 रोजी वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर आग लागली. लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या तिथे पडून होत्या, त्या आपोआप तापून पेटल्या. अग्निशमन दलाच्या होजला जिथून पाणी मिळायचं, त्या व्हॉल्वचा दाब चुकीचा लावलेला होता. पाणी पुरेशा जोराने येईना. तीन जवान धुरात वाट चुकून मरण पावले. आग मजल्यामागून मजला गिळत वर चढत राहिली आणि शेवटी इमारत कोसळेल या भीतीने जवानांना बाहेर बोलावण्यात आलं. ती आग थांबली तिसाव्या मजल्यावर. तिथल्या भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते, आणि रस्त्यावरून बंबांनी त्या लाइनला पाणी दिलं होतं. दहा हेड फुटली आणि आठ मजले खाक करून आलेली आग तिथे अडली. चुकीचा लावलेला व्हॉल्व काय करतो आणि पाण्याने भरलेली लाइन काय करते, हे दोन्ही त्या एका इमारतीत दिसलं.

रस्त्यावरून पाणी देता येण्यासाठी इमारतीच्या दर्शनी भागात लाल रंगाची जोडणी असते, तिला फायर ब्रिगेड इनलेट म्हणतात. तुमच्या इमारतीत ती कुठे आहे? तिच्यासमोर दुचाक्या लागतात का? तोंडावरची झाकणं शाबूत आहेत की आत कुणी कचरा कोंबला आहे? अग्निशमन दलाचे लोक रात्री दोन वाजता येऊन ती शोधणार आहेत. या लोकांचा विचार आपण फार कमी करतो. 2015 च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी आपण गमावले. ती जुनी इमारत होती, तिचं प्रकरण निराळं. पण आपल्या इमारतीत पाण्याची सोय असूनही ती बंद ठेवून या माणसांना आत बोलावणं, हे आपल्यापैकी कुणालाही मनातून मान्य होणार नाही.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आणि जागेचा वापर करणाऱ्याची आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी दाखला अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. जुलैचा दाखला बहुतेकांनी दिला असेल. पण जुलैनंतर तुमच्या इमारतीत किती गाळ्यांचं फर्निचर झालं, किती वेळा लाइन रिकामी केली, हे त्या दाखल्याला ठाऊक नाही. बिल्डर आणि सोसायटी यांच्यात हस्तांतरणाचा वाद चालू आहे म्हणून एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, कुणाच्या नावाने करायचं हे ठरत नाही, अशीही संकुलं आहेत. वाद कोर्टात चालू द्या. बॅटरी आणि डिझेलचा खर्च गाळ्यांमागे वाटला तर तो एका दिवसाच्या विक्रीच्या तुलनेत नगण्य असतो.

माझ्या व्यवसायबंधूंनाही, परवानाधारक एजन्सी चालवणाऱ्यांना, मोकळेपणाने सांगतो. पंप रूमला न जाता दाखला देऊ नका. दर कमी पडतो म्हणून पाहणी गाळू नका. तुमच्या सहीवर शेकडो माणसं विसंबून त्या छताखाली उभी असतात, त्यातल्या एकालाही तुमचं नाव माहीत नसतं. आणि मालकांनो, सर्वांत कमी दराची एजन्सी निवडण्याआधी त्यांना एकच विचारा: टेस्ट व्हॉल्व माझ्यासमोर उघडणार का? वाहत्या पाण्याचा व्हिडिओ आणि दाबाचे आकडे दाखल्याला जोडून मागा. जो कुरकुर करेल त्याला काम देऊ नका.

आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. पंप रूम झाडून-पुसून लख्ख केली जाते, पंपाला झेंडूचा हार पडतो, पॅनलवर स्वस्तिक काढलं जातं, नारळ फुटतो. मला हा दिवस फार आवडतो, कारण त्या दिवशी सेक्रेटरी, ऑपरेटर, वॉचमन आणि दोन-चार दुकानदार अशी सगळी मंडळी पंप रूममध्ये एकत्र येतात. वर्षात असा दुसरा दिवस नसतो. यंदा हार घालण्याआधी टेस्ट व्हॉल्व उघडा. सगळ्यांच्या देखत पंप आपोआप सुरू होऊ द्या, डिझेलचं इंजिन अर्धा तास चालू द्या, गजर सगळ्या मजल्यांवर ऐकू येतो का ते दुकानदारांना फोन करून विचारा. मग आरती करा. पण व्हॉल्व तपासायचं काम त्या दिवसावर ढकलू नका. ते आधी व्हायला हवं, म्हणजे काही बिघाड निघाला तर दुरुस्तीला वेळ राहील.

ग्राहक आणि कर्मचारी म्हणूनही आपल्याला बोलता येतं. खरेदीला गेलात, सिनेमाला गेलात, मुलाला क्लासला सोडलंत, की एकदा छताकडे नजर टाका. हेड रंगलेलं दिसलं, छतापर्यंत खोकी लागलेली दिसली, जिन्यात माल दिसला, तर काउंटरवर शांतपणे सांगा. मोबाइलवर फोटो काढून व्यवस्थापनाला पाठवा. दोनदा सांगूनही काही झालं नाही तर जवळच्या अग्निशमन केंद्रात लेखी तक्रार द्या. मुलांच्या क्लासच्या बाबतीत तर पालकांनी एकत्र जाऊनच विचारावं: सर, इथले स्प्रिंकलर शेवटचे कधी चालवून बघितले?

एक सावधगिरी मात्र बाळगा. व्हॉल्व बंद सापडला तर आवेशात एकदम उघडू नका. तो लाइन अर्धवट तोडलेली असताना बंद केलेला असू शकतो. आधी त्या मजल्यावरून पूर्ण फिरून सगळे जोड आणि सगळी हेड जागेवर आहेत का बघा, उघडी तोंडं बुजवून घ्या. मग प्रत्येक भागात फोन हातात घेतलेला एक माणूस उभा करा आणि व्हॉल्व अगदी हळूहळू उघडा. पाइपातली हवा निघू द्या. गळती दिसली तर बंद करून तेवढाच जोड दुरुस्त करा आणि पुन्हा भरा. हे फिटरच्या देखरेखीखाली, दुकानं बंद असताना करावं.

दुरुस्ती त्याच दिवशी होणार नसेल, तर लाइन बंद आहे हे लपवून ठेवू नका. व्हॉल्ववर तारीख, वेळ आणि जबाबदार माणसाचं नाव लिहिलेली लाल पाटी टांगा, रजिस्टरमध्ये नोंद करा, त्या मजल्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला कळवा आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला सांगा. तोवर तिथे वेल्डिंग, कटिंग, गॅसचं काम पूर्ण बंद. रात्री दर अर्ध्या तासाने वॉचमनची फेरी, हातात भरलेलं अग्निशामक सिलिंडर, आणि 101 चा नंबर त्याला तोंडपाठ. मोठा बिघाड असेल तर तेवढे दिवस त्या मजल्यावर नवा माल घेऊ नका. दिवाळीच्या तोंडावर हे सांगणं किती कठोर आहे याची मला कल्पना आहे, तरी सांगतो आहे.

आज दुकान वाढवण्यापूर्वी एवढं करा. पंप रूमची किल्ली कुणाकडे आहे ते शोधा, आणि उद्या सकाळी त्या माणसाला घेऊन खाली उतरा.